मुलांचे रान आणि देवाचा उंबर

(श्री महादेव मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील भाषण)



श्रीमहादेवाच्या कृपेने आजचा दिवस उगवला. गाभाऱ्याचा दगड बसला, मंडपाचे छत झाले, शिखरावर कळस चढला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटच्या गोण्या दिल्या, कोणी ट्रॅक्टर दिला, तर ज्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. या सर्वांची नावे स्मरणिकेत यथास्थित छापली जातीलच. परंतु पावतीपुस्तकात ज्यांचे नाव नाही असाही एक भागीदार या देवळाला आहे, आणि तो म्हणजे गावातली लहान मुले. देवळात दर्शनाला मोठी माणसे सकाळ-संध्याकाळ घटकाभर येतात. मुले मात्र दिवसभर इथेच असतात, आणि तीही बहुधा गाभाऱ्यात नसून मागच्या बाजूला, उंबराखाली, बेलापाशी व पलीकडच्या माळावर. सबब आजच्या या मंगल प्रसंगी, मुलांना आपल्या जवळच्या रानात काय मोलाचे वाटते, या विषयावर चार शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही.

मोठ्या माणसांचा रानाचा हिशेब ठरलेला आहे. सरपण किती निघेल, मोहट्या-वासे किती मिळतील, गुरांना चारा किती होईल, असा तो हिशेब. शिकलेला माणूस त्यात पाऊस, प्राणवायू आणि जमिनीची धूप यांची भर घालतो. हे सर्व खरे आहे. शाळेतल्या मुलालाही 'वृक्ष आपले मित्र' असा निबंध लिहायला सांगितला की तो हेच लिहितो, कारण पुस्तकात तसे दिलेले असते. पण तेच मूल शाळा सुटल्यावर रानात कशासाठी पळते, हे पाहिले म्हणजे त्याचा हिशेब वेगळा असल्याचे कळते. प्राणवायूसाठी आजवर कोणतेही पोर बोरीवर चढलेले नाही.

आधी आपल्या मुलखाची स्थिती ध्यानात घ्यावी. नांदेड जिल्ह्याला खरे जंगल आहे. किनवट, माहूर या तालुक्यांत साग, धावडा, मोह, टेंभुर्णी, बिबा, चारोळी यांचे दाट रान पैनगंगेच्या दोन्ही तीरांना पसरले आहे. तिथे पैनगंगा अभयारण्यही झाले. माहूरगडावर रेणुकामाता, दत्तशिखर व अनसूयामाता यांच्या दर्शनाला जाताना वाटेतले जंगल सर्वांनी पाहिलेले आहे. हिमायतनगर, हदगाव, भोकर या बाजूंनाही थोडेफार रान आहे. मात्र दक्षिणेकडे कंधार-मुखेडच्या पुढे आले आणि लातूर जिल्ह्यात शिरले की काळी जमीन, बालाघाटाच्या उघड्या टेकड्या आणि तुरळक बाभळी. १९५२ व १९८८ या दोन्ही साली देशाच्या वननीतीने भूमीचा तिसरा हिस्सा वनाखाली असावा असे ठरविले. लातूर जिल्ह्यात तो शेकडा एकही भरत नाही. महाराष्ट्रात सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते.

मग या भागातल्या मुलाला रान कुठले? तलाठ्याच्या दप्तरात शोधले तर सापडणार नाही. गाव नमुना १-अ ही वन जमिनीची नोंदवही. अनेक गावांत ती कोरीच आहे. मुलाचे रान दुसऱ्या नावांनी नोंदलेले असते. कुठे त्याला गायरान म्हटलेले असते, कुठे सातबारावर 'पोटखराब' एवढाच शेरा असतो, कुठे ओढ्याचा काठ, कुठे दोन शेतांमधला रुंद बांध, कुठे गढीमागचा उतार, आणि बहुतेक गावांत देवळाभोवतीची चार-सहा जुनी झाडे. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती सरकारी भाषेत खराब. मुलांच्या लेखी मात्र गावातली सर्वांत चांगली जमीन तीच.

आता त्या जमिनीवर मुले काय शोधतात ते पाहावे. पहिली गोष्ट अर्थातच खाऊ. मुलांचे पंचांग रानातच टांगलेले असते. पौष-माघात बोरे, महाशिवरात्रीला कवठ, फाल्गुन-चैत्रात चिंच, वैशाखात किनवटकडे टेंभुर्णीची फळे व चारोळी, मृगाच्या आगेमागे जांभळे, मग गोड झालेल्या निंबोण्या, आश्विन-कार्तिकात सीताफळ. आणि मधल्या दिवसांत काहीच नसले तर उंबर आहेच. गावच्या कोणत्या बोरीची बोरे गोड आणि कोणतीची किडकी, हे मोठ्यांना विचारू नये. तिसरीतल्या मुलाला विचारावे. या खाऊमागे पोटापेक्षाही मोठी एक गोष्ट आहे. घरात मुलाला जे मिळते ते कोणीतरी दिलेले असते. रानात मिळते ते त्याने स्वतः मिळविलेले असते. ओंजळभर बोरे आणून धाकट्या बहिणीला देताना, किंवा चिंचेचा आकडा गुरुजींच्या टेबलावर ठेवताना ते मूल आयुष्यात पहिल्यांदा दाता होते. आज देणगीदारांचा सत्कार होत आहे. दान देण्याचा पहिला धडा बहुतेकांनी अशाच एखाद्या झाडाखाली घेतलेला असेल.

दुसरी गोष्ट खेळ. सूरपारंब्यांना वड लागतो. वड नसेल तर तो खेळ पुस्तकातच राहतो. विटीदांडूला लाकूड लागते, लपंडावाला झुडूप लागते, दुपारच्या डावाला सावली लागते. पहिला पाऊस पडला की मातीतून निघणारा मृगाचा लाल मखमली किडा तळहातावर घेऊन पाहायचा. सुगरणीचे पडलेले घरटे डोक्यावर टोपीसारखे घालायचे. होळीच्या आधी पळसाची फुले भिजवून रंग करायचा. यातल्या एकाही खेळाला पैसा लागत नाही. म्हणून रानात श्रीमंताचे पोर आणि सालगड्याचे पोर एकाच मापाने मोजले जाते. जे उंच चढते ते पुढारी. गावात सर्व जातीपातीची मुले एकत्र वाढण्याच्या जागा मोजक्या. शाळा ही एक आणि हे रान दुसरी.

लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या लगतच्या भागांत येळवस होते. मार्गशीर्षाच्या अमावास्येला सारे गाव शेतात जाते. कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, आणि ओळखीच्या-अनोळखीच्या सर्वांना जेवणाचे आवतण. पुण्याला, हैदराबादला गेलेली माणसे दिवाळीला चुकतील पण येळवशीला यायचे पाहतात. त्या दिवशी मोठी माणसे कोपीपाशी बसतात आणि मुले जेवण उरकले की दिसेनाशी होतात. बांधावरच्या झाडाला दोर बांधून झोका सुरू होतो. शहरातून आलेले मूल पहिली घटकाभर चपला सांभाळते आणि मग त्याच्या चपला कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. पुढे वर्षभर त्या मुलाला गावाची आठवण येते ती त्या झोक्याची. मात्र बांधावरचे झाड शेजारच्या पिकावर सावली पडते म्हणून काढले गेले, तर पुढच्या येळवशीला ते पोर कोपीत बसून मोबाईल पाहते. दोष पोराला द्यायचा की मोठ्यांना, याचा विचार व्हावा.

तिसरी गोष्ट मोठ्यांच्या चटकन लक्षात येत नाही. मुलांना रानात थोडी मोकळीक आणि थोडी भीती, या दोन्ही हव्या असतात. घरात आईची हाक, शाळेत गुरुजींची हाक. रान ही एकच जागा अशी, जिथे हाक उशिरा पोहोचते. तिथे मूल स्वतःच ठरविते, कुठवर जायचे, केव्हा परतायचे. आणि भीतीचे म्हणाल तर पिंपळावर मुंजा आहे, जुन्या चिंचेवर हडळ आहे, हे आजीने सांगितलेले असते. संध्याकाळी त्या झाडाखालून पळत जाण्यात जी धडधड असते तिची गोडी मुलांनाच कळते. मुंजा कोणी पाहिला नाही. पण मुंजाच्या नावाने किती पिंपळ कुऱ्हाडीपासून वाचले, याची मोजदाद केली तर मुंजाचे उपकार मानावे लागतील.

तीच गोष्ट देवाची. बेल महादेवाचा, रुई मारुतीची, उंबर दत्ताचा, आपटा दसऱ्याचा, पळस पोळ्याचा. सोमवारी आजी नातवाला बेल आणायला पाठविते. तीन पाने सलग असलेलाच बेल घ्यायचा, फांदी मोडायची नाही, किडलेले पान घ्यायचे नाही, एवढे सांगते. आजीला वाटते आपण पूजेची तयारी करतो आहोत. प्रत्यक्षात ती नातवाला झाड ओळखायला आणि झाडाकडून बेताने घ्यायला शिकवीत असते. नमस्कार करून घेतलेले पान मूल सहसा विसरत नाही.

इथवर सांगितले ते उघड्या मुलखातल्या मुलाचे झाले. किनवट-माहूरच्या जंगलात राहणाऱ्या गोंड, कोलाम, आंध या समाजांतल्या मुलांचे रानाशी असलेले नाते आणखी खोल आहे आणि कष्टाचेही आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून मोहाची फुले वेचायची. टोपली भरली की ऊन तापायच्या आत घरी आणून वाळत घालायची. वैशाखात तेंदूपानाचा हंगाम आला की सारे घर पाने तोडण्यात आणि ७०-७० पानांचे पुडे बांधण्यात गुंतते. मुलांची शाळा त्या दिवसांत मागे पडते, अस्वलाचे आणि जनावराचे भय असते, पायात काटे मोडतात. तेव्हा जंगल म्हणजे नुसती मौज, असे त्या मुलापुढे बोलू नये, ते हसेल. त्याला जंगलाचे मोल वाटते ते ते आपले आहे म्हणून. कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात झिरा राहतो, कोणते कंद उकडून खायचे आणि कोणते शिवायचेही नाहीत, कोणत्या झाडाच्या सालीचा दोर होतो, हे त्याला वडिलांनी चालता चालता दाखविलेले असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा कुटुंबांचा जमिनीवरचा आणि गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. कायद्याने जे कागदावर आले ते त्या मुलाच्या मनात आधीपासूनच होते.

या ज्ञानाचे मोल कमी लेखू नये. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ हे गाव आहे. आपल्याकडे टेकडीला बेट म्हणतात. त्या गावाजवळचे बेट औषधी वनस्पतींसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. आजूबाजूला सारी काळी शेती आणि मध्ये ही एक हिरवी टेकडी. देवाचे नाव आणि वनौषधींची कीर्ती, या दोहोंमुळे ती टिकली. उदगीर तालुक्यातले हत्तीबेटही असेच. तिथे कोरीव गुहा आहेत, गंगाराम महाराजांची समाधी आहे, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वातंत्र्यसैनिकांना त्या बेटाने आसरा दिला. अशा ठिकाणी शाळेची सहल गेली की वनस्पती, देव आणि इतिहास हे तिन्ही धडे मुलांना एकाच चढणीवर मिळतात. मात्र वर्षातून एकदा सहलीला पाहिलेले बेट आणि रोज पायाखाली असलेला माळ, यांत मूल माळालाच आपले म्हणते. आपुलकीला रोजची भेट लागते.

इथे सरकारी वृक्षलागवडीचाही विचार झाला पाहिजे. १९५० पासून वनमहोत्सव होत आले. १९८२ पासून राज्यात सामाजिक वनीकरणाचे काम सुरू झाले. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचा संकल्प केला. हेतू चांगलाच होता आणि पुष्कळ ठिकाणी झाडे जगलीही. पण झाड निवडताना मुलांना कोणी विचारले नाही. निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प ही झाडे लवकर वाढतात, गुरे त्यांतली काही खात नाहीत, म्हणून ती लावली गेली. गिरिपुष्पाला तर खेड्यात उंदीरमारी असेच नाव आहे. निलगिरीला सावली बेताची, फळ खाण्याचे नाही, पारंबी नाही, गोष्ट नाही, देव नाही. अशा झाडाखाली मुले जात नाहीत. आणि ज्या झाडाखाली मुले जात नाहीत त्याला उन्हाळ्यात तांब्याभर पाणी घालायलाही कोणी जात नाही. उलट शाळेच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली बोर कोणत्याही योजनेशिवाय मोठी होते, कारण तिला डझनभर राखणदार असतात. झाड जगवायचे असेल तर ते मुलांच्या उपयोगाचे असावे, हा साधा नियम यातून निघतो.

पाण्याची गोष्टही सांगितली पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर दूरवरून आले. ती गाडी पाहायला लहानथोर जमले होते. त्या वर्षी जन्मलेली मुले आज शाळेत जातात. चार झाडे लावली की पाऊस पडतो, असे कोणी समजू नये. दुष्काळाची कारणे अनेक आहेत. पण पडलेला पाऊस उघड्या माळावरून माती घेऊन वाहून जातो, आणि गवत-झुडूप-झाड असलेल्या माळावर तो अडतो, मुरतो, एवढे तर कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मुलांना हे शास्त्र ठाऊक नसते. पण ओढ्याच्या कोणत्या वळणावर झाडाच्या मुळाशी अखेरपर्यंत ओल राहते, हे त्यांना ठाऊक असते, कारण खेकडे तिथेच सापडतात.

परदेशातले एक उदाहरण इथे फार लागू पडते. आफ्रिका खंडात केनिया नावाचा देश आहे. तिथे १९४० साली एका खेड्यात वांगारी मथाई नावाची मुलगी जन्मली. तिच्या घराजवळ आपल्या वड-उंबराच्या जातकुळीतले एक मोठे झाड होते. मुलगी सरपण गोळा करायला निघाली की आई सांगायची, त्या झाडाची काटकी आणू नकोस, ते देवाचे झाड आहे. झाडाजवळ एक झरा होता. तिथे ती पाण्यात बेडकांची अंडी पाहायची आणि मणी समजून ती उचलू पाहायची. पुढे ती परदेशी जाऊन उच्च शिक्षण घेऊन परतली, तेव्हा त्या जमिनीच्या नव्या मालकाने ते झाड जागा अडविते म्हणून पाडून टाकले होते, आणि झराही आटला होता. त्या झाडाची मुळे खोल खडकातून पाण्याला वर येण्याची वाट करून देत होती, हे तिला तेव्हा उमगले. १९७७ साली त्यांनी गावोगावच्या बायकांना घेऊन झाडे लावण्याची चळवळ सुरू केली. पुढे कोट्यवधी झाडे लागली आणि २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या मोठ्या कार्याच्या मुळाशी होते लहानपणचे एक देवाचे झाड आणि पाण्यातले न लाभलेले मणी.

आपल्या देशातही हिमालयातल्या रेणी गावात २६ मार्च १९७४ रोजी असेच घडले. गावातले पुरुष कामानिमित्त बाहेर गेलेले असताना झाडे तोडणारी माणसे जंगलाकडे निघाली. ती पहिल्यांदा पाहिली एका लहान मुलीने. तिने धावत जाऊन गौरादेवींना सांगितले, आणि गौरादेवींसह २७ बायकामुली झाडांपाशी उभ्या राहिल्या. झाडे वाचली. चिपको आंदोलनाचे नाव जगभर झाले. त्या लहान मुलीचे जंगलात रोजचे जाणे-येणे नसते तर तिला परकी माणसे ओळखू आली नसती.

आपल्या महाराष्ट्राची परंपरा तर याहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात रयतेच्या झाडांना हात लावू नये अशी ताकीद आहे, आणि कारण असे दिले आहे की झाड एका-दोन वर्षांत होत नाही, लोकांनी ते आपल्या लेकरांप्रमाणे वाढविलेले असते. संतांनीही झाडांना आप्तांत गणले. झाड आणि लेकरू यांची अशी एकत्र गणना करणारा आपला समाज आहे.

आता मूळ मुद्द्यावर यावे. मंदिराचे मुख्य काम पूर्ण झाले, पण कुंपणाची भिंत आणि आवारात पेव्हर ब्लॉक बसविण्याचे काम अजून व्हायचे आहे. भिंत सरळ रेषेत घेतली तर मागचा उंबर आणि दोन जुने निंब मध्ये येतात. झाडांचा पाला आवारात पडतो, केर होतो, पाखरांची घाण होते, मुले दगड मारतात, साप निघेल, मुळांनी बांधकाम फाटेल, अशी कारणे बोलली जातात. त्यांतले एकही कारण खोटे नाही, म्हणून प्रत्येकाला उत्तर दिले पाहिजे. दगडी भिंतीच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे किंवा उंबराचे रोप वेळीच मुळासकट काढलेच पाहिजे; त्याने जुनी देवळे फुटली आहेत. परंतु बांधकामापासून अंतरावर, जमिनीत उभे असलेले जुने झाड ही वेगळी बाब आहे. भिंत तीन हात वळवून घेतली तर तिन्ही झाडे आत राहतात. त्यासाठी लागणाऱ्या जादा विटांची रक्कम देवळाच्या एकूण खर्चापुढे नगण्य ठरेल. पाला पडतो तो झाडून झाडाच्याच आळ्यात टाकावा, त्याचे खत होते. साप अडगळीला आणि उंदरांना येतो. आवार स्वच्छ असावे, रात्री उजेड असावा. मुले दगड मारतात हे खरे, पण त्याला झाड तोडणे हा उपाय नव्हे. पिकलेले खाली पडेल तेवढे आपले, वरचे पाखरांचे, एवढा नियम आजीने घालून दिला तर पोरे तो पाळतात.

पेव्हर ब्लॉकचेही तसेच. बुंध्यापर्यंत ब्लॉक बसविले तर मुळाला पाणी मिळत नाही आणि झाड पाच-दहा वर्षांत वाळते. प्रत्येक झाडाभोवती मोकळ्या मातीचे मोठे आळे ठेवावे, आणि आवाराचा एक कोपरा अजिबात न झाकता तसाच मातीचा ठेवावा. त्या कोपऱ्यात मुलांना गोट्या खेळता येतील आणि मृगाचा किडा निघायला जागा राहील. मोकळ्या जागेत नवी झाडे लावायची ती मुलांना विचारून लावावीत. बोर, चिंच, कवठ, जांभूळ, सीताफळ, आपटा, पळस आणि बेल अशी नावे मुलेच सांगतील. पहिले दोन उन्हाळे पाणी घालण्याचे काम शाळेच्या मुलांकडे वर्गवार द्यावे. देणगीदारांपैकी कोणी कुंपणाच्या जाळ्या दिल्या तर ते दान एका मूर्तीच्या दानाएवढेच मानावे. जाळीवर देणाऱ्याचे नाव असावे आणि त्याखाली झाडाचे नाव एखाद्या मुलाच्या हस्ताक्षरात असावे.

देवळामागच्या गायरानाविषयीही ग्रामसभेने एकदा निर्णय करावा. त्याची मोजणी करून हद्दीचे दगड लावावेत, अतिक्रमण होऊ देऊ नये, आणि उगवलेल्या बोरी-पळसांना निदान तीन वर्षे कुऱ्हाड लावू नये. रोप लावण्याआधी जे आपोआप उगवते ते राखणे हे सर्वांत स्वस्त वनीकरण आहे.

देणगीदार मंडळींपैकी बरेच जण याच गावात लहानाचे मोठे झाले, शिक्षणासाठी-नोकरीसाठी बाहेर पडले आणि तरीही देवाला विसरले नाहीत. त्यांनी मनाशी आठवून पाहावे की परगावी गाव म्हणून डोळ्यांपुढे काय उभे राहते. शिखर तर येतेच. त्याच्या मागे उंबराचा घेर येतो, पाराखालची सावली येते, हातातली कच्ची चिंच आणि दातांना आलेला आंब येतो. ज्याला लहानपणी गावाने असे काही दिले, तो मोठेपणी गावाला देतो. आजची वर्गणी ही त्या झाडांची परतफेड आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आजच्या मुलांच्या आठवणीत फक्त भिंत आणि फरशी राहिली, तर तीस वर्षांनी पुढचा जीर्णोद्धार निघेल तेव्हा ती कशाच्या ओढीने येतील?

देऊळ बांधायला तीन वर्षे लागली. तो उंबर एवढा व्हायला तीन पिढ्या लागल्या आहेत. तुटला तर कितीही वर्गणी जमविली तरी त्याचा जीर्णोद्धार करता येणार नाही.

भिंतीची आखणी होण्यापूर्वी समितीने याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. श्रीमहादेव सर्व ग्रामस्थांना, देणगीदारांना व बालगोपाळांना उदंड आयुष्य, वेळेवर पाऊस आणि बसायला सावली देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

हर हर महादेव! जय हिंद, जय महाराष्ट्र!